तेल घालायचं राहून गेलं…

रात्रीचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी मशीन डिझाइनचं सबमिशन आणि तीन शीट्स बाकी. रूम पार्टनर कधीच घोरायला लागला होता. अशा वेळी मला जागं ठेवणाऱ्या गोष्टी दोनच. गेटबाहेरच्या टपरीवरचा चहा आणि कानातले हेडफोन. टपरी बंद झालेली, म्हणून हेडफोन लावले. गाणं होतं लेड झेपलिन या इंग्लिश बँडचं, ‘सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू’. सात मिनिटांचा संथ, जीव ओतून गायलेला ब्लूज. गिटार सुरू झाली, ड्रम्स आले आणि त्यांच्यासोबत आणखी एक आवाज आला. कुंई… कुंई… कुंई…

आधी वाटलं, खुर्ची. श्वास रोखून बसलो, तरी आवाज चालूच. मग वाटलं, पंखा. आमच्या रूमचा पंखा म्हणजे एक स्वतंत्र वाद्यच आहे! उठून तो बंद केला. पार्टनरने झोपेतच एक शिवी हासडली. आवाज चालूच. शेवटी हेडफोन काढले, तर आवाज गायब. परत लावले, परत हजर. म्हणजे तो आवाज गाण्यातच होता! जगभर लाखोंनी खपलेली रेकॉर्ड आणि त्यात कोणीतरी चक्क तेल न घातलेल्या दारासारखी करकर ठेवून दिली होती.

ती करकर होती ड्रमच्या पेडलची. आणि पेडलवरचा पाय होता जॉन बॉनमचा.

मित्रांनो, त्या रात्री शीट्स राहिल्या त्या राहिल्याच, पण मी या माणसाच्या मागे लागलो. त्याचीच ही गोष्ट. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा शुद्धलेखनाचे मार्क जरा सढळ हाताने द्या!)

जॉन बॉनमचा जन्म ३१ मे १९४८ चा. गाव रेडिच, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, वूस्टरशायर परगण्यात. वडील बांधकामाच्या धंद्यात. हा पोरगा पाच वर्षांचा असल्यापासून हाताला लागेल ते बडवायचा. डबे, कॉफीचे टिन, घरातली भांडी. दहाव्या वर्षी आईने एक स्नेअर ड्रम घेऊन दिला आणि पंधराव्या वर्षी वडिलांनी पहिला पूर्ण ड्रम सेट. क्लास वगैरे काही नाही. ऐकायचं आणि बडवायचं, हाच सिलॅबस. शाळेत मात्र उजेडच होता. हेडमास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की हा मुलगा एकतर कचरा गोळा करेल नाहीतर लखपती होईल. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या प्रगतिपुस्तकात यातलं पहिलं अर्धंच लिहिलेलं असायचं.

शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकायला लागला. दिवसा बांधकामाच्या साइटवर आणि रात्री कुठल्या ना कुठल्या लोकल बँडमध्ये. लवकरच लग्न झालं. बायकोचं नाव पॅट. संसार मांडला तो आईवडिलांच्या घरामागे उभ्या केलेल्या एका छोट्या कॅरॅव्हॅनमध्ये. पैशांची इतकी ओढाताण की भाडं भरायला त्याने सिगरेट सोडली. ड्रम्स सोडेन असंही पॅटला कबूल करून झालं होतं. ते काही जमलं नाही. १९६६ मध्ये मुलगा झाला, जेसन. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बॉनमची त्या भागात ख्याती एकच होती : प्रचंड आवाज! तो इतक्या जोरात वाजवायचा की ड्रमची कातडी फाटायची, आणि क्लबवाले परत बोलवायचे नाहीत. बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओने तर त्याला सांगून टाकलं म्हणे, की तुझा आवाज रेकॉर्डच होऊ शकत नाही. पण इथेच गंमत आहे. जोर हे त्याचं अर्धंच कौशल्य होतं. ढोल-ताशा पथकात असलेल्यांना पटेल, की नुसत्या ताकदीने आवाज होतो, ठेका होत नाही. बॉनमचं मनगट सैल असायचं आणि त्याला दोन ठोक्यांमधली रिकामी जागा कळायची. तो ठोका किंचित मागे ठेवायचा, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायला लागायची.

१९६८ साली लंडनमध्ये जिमी पेज नावाचा गिटारिस्ट नवीन बँड जमवत होता. जॉन पॉल जोन्स बास गिटारवर आला. गायक मिळाला रॉबर्ट प्लांट, आणि तो निघाला बॉनमचा जुना मित्र. त्याने बॉनमचं नाव सुचवलं. पेजने एका क्लबमध्ये त्याला ऐकलं आणि विषय संपला. पण बॉनम येईना! तेव्हा तो टिम रोझ या गायकाबरोबर दौऱ्यावर होता, आठवड्याला ४० पौंड मिळत होते. जो कॉकरसारख्यांकडूनही बोलावणं होतं. घरात बायको, लहान मूल. हातातलं सोडून कोण जाईल? बॉनमकडे फोन नव्हता, म्हणून त्याच्या नेहमीच्या पबच्या पत्त्यावर तारा सुरू झाल्या. प्लांटने आठ तारा केल्या, आणि बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट याने चाळीस. कॅम्पसला एक कॉल लेटर यावं म्हणून आपण देव पाण्यात घालून बसतो, आणि या पठ्ठ्याला अठ्ठेचाळीस! शेवटी आला. का, तर त्याला यांचं संगीत जास्त आवडलं.

जानेवारी १९६९ मध्ये पहिला अल्बम निघाला. पहिल्याच गाण्यात, ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये, बास ड्रमचे इतके जलद ठोके आहेत की भल्याभल्या ड्रमर लोकांना वाटलं, याने दोन पेडलं लावली आहेत. पेडल एकच होतं. उजवा पाय एकच होता.

आता त्या पेडलकडे येऊ. बास ड्रम म्हणजे जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा ढोल. बॉनमचा २६ इंच व्यासाचा होता. तो पायाने वाजवतात. पायाखालची पट्टी दाबली की एक दांडी पुढे जाऊन ढोलावर आपटते आणि स्प्रिंग तिला मागे आणते. बॉनम लुडविग कंपनीचं ‘स्पीड किंग’ नावाचं पेडल वापरायचा. त्याच्या स्प्रिंगा बाहेर लटकत नाहीत, दोन्ही बाजूच्या खांबांच्या आत बसवलेल्या असतात. दिसायला एकदम सुटसुटीत. पण आतलं वंगण सुकलं की धातूवर धातू घासतो, आणि मग सुरू होतं कुंई कुंई. ड्रमर लोकांनी ‘स्पीड किंग’चं नावच ‘स्क्वीक किंग’ पाडलं आहे. म्हणजे करकरणाऱ्यांचा राजा!

१९७० साली तिसऱ्या अल्बमसाठी ‘सिन्स आय'व्ह बीन लव्हिंग यू’ रेकॉर्ड झालं. चौघांनी एकत्र बसून वाजवलेलं गाणं, एकमेकांकडे बघत, हळू होत, चढत. अशा गाण्यात चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलता येत नाही. आणि गाणं शांत असल्यामुळे पेडलची करकर लपायला जागाच नाही. पुढे १९९० मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा मोठा संच निघत होता, तेव्हा पेजला ती नीट ऐकू आली. त्याने नंतर कबूल केलं, की त्या वेळी ते नजरेतून सुटलं, आणि आता प्रत्येक वेळी ऐकताना ते आधीपेक्षा मोठंच वाटतं. माझंही तसंच झालंय. तुमचंही होईल. सॉरी!

काढून का नाही टाकला हा आवाज? आमचे ईएनटीसीवाले मित्र म्हणतील, एक फिल्टर लावा की. पण करकर ऐकू येते साधारण जिथे झांजांचा, म्हणजे सिंबल्सचा आवाज असतो तिथेच. करकर कापायला गेलात तर सिंबल्सचाही जीव जातो. शिवाय ती येते नेमकी ठोक्याबरोबर, त्याच माइकमधून, त्याच टेपवर. सिग्नल आणि नॉइज एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले. २०१४ मध्ये पेजने तो अल्बम नव्याने स्वच्छ करून काढला, तेव्हाही करकर तिथेच राहिली.

एकदा कान लागल्यावर मी बॉनमच्या बाकीच्या गाण्यांत असे आवाज शोधायला लागलो. अभ्यास सोडून करण्यासारखं याहून चांगलं काम नाही. १९७३ च्या ‘द ओशन’च्या सुरुवातीला खुद्द बॉनमचा आवाज आहे. आधीचे टेक फुकट गेले, आता हा जमवायचाच, अशा अर्थाचं काहीतरी गमतीत बोलून तो मोजणी सुरू करतो. त्याच गाण्यात दीडएक मिनिटानंतर मागे कुठेतरी फोनची घंटा वाजते. १९७५ च्या ‘फिजिकल ग्रॅफिटी’ या अल्बममधलं ‘ब्लॅक कंट्री वुमन’ हे गाणं एका बंगल्याच्या बागेत, उघड्यावर रेकॉर्ड केलेलं आहे. सुरुवातीला डोक्यावरून विमान जातं. इंजिनिअर विचारतो, हे ठेवायचं का? प्लांट सांगतो, राहू दे. तेही रेकॉर्डवर आहे! आणि त्याच अल्बममधलं अकरा मिनिटांचं ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ संपता संपता कोणीतरी खोकतं. ते बॉनमचं खोकणं. मग हसणं, गडबड, आणि बॉनमच म्हणतो की हाच टेक फायनल. सगळ्यांना मान्य. खोकल्यासकट फायनल.

आम्हाला जर्नलमध्ये एक खाडाखोड दिसली तर सर अख्खं पान परत लिहायला लावतात, म्हणून हे सगळं मला फार आवडलं. हे आवाज त्यांना काढता आले नाहीत असं सगळीकडे नाही. काही त्यांनी जाणूनबुजून राहू दिले. का, तर त्या टेकमध्ये जीव होता आणि दुसऱ्या, स्वच्छ टेकमध्ये तो परत आला नसता.

बॉनमचा सगळ्यात गाजलेला आवाज तर असाच, म्हणजे एका इमारतीचा आहे. १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी हे लोक हेडली ग्रँज नावाच्या जुन्या, थंडगार घरात राहायला गेले होते. बाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक उभा. बॉनमसाठी नवा ड्रम सेट आला, तो खालच्या हॉलमध्ये मांडला. वर तीन मजले उंच जिना. इंजिनिअर अँडी जॉन्सने वरून फक्त दोन माइक सोडले. ड्रमजवळ एकही नाही. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यात जो डोंगरासारखा ठोका ऐकू येतो, तो असा मिळाला. म्हणजे भिंतींवरून परत येणारा आवाज, ज्याला इतर स्टुडिओ गोधड्या लावून मारायचे, तोच यांनी गाण्याचा पाया केला. पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो ठोका उचलला. बीस्टी बॉइजने १९८६ मध्ये त्यावर गाणं बांधलं. आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात मीही एकदा बादली वाजवून बघितली. इको उत्तम आहे, पण दुसऱ्या मजल्यावरून चप्पल आली.

त्याच अल्बममध्ये ‘फोर स्टिक्स’ नावाचं गाणं आहे, कारण बॉनमने ते प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून वाजवलं. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. तेव्हा त्यांनी आपल्या मुंबईच्या वादकांना घेऊन हेच गाणं आणि ‘फ्रेंड्स’ पुन्हा रेकॉर्ड केलं. बॉनमच्या चार काठ्यांच्या जागी तबला! ते रेकॉर्डिंग २०१५ साली बाहेर आलं. बॉनम मात्र त्या वेळी मुंबईत नव्हता.

इथपर्यंत गोष्ट मजेची. पुढची तशी नाही, पण सांगायलाच हवी.

बॉनम घरकोंबडा माणूस होता. वूस्टरशायरमध्ये त्याने शेत घेतलं होतं, गायीगुरं पाळली होती. १९७५ मध्ये मुलगी झाली, झोई. आणि बँडचे दौरे म्हणजे महिनोन्‌महिने अमेरिका. त्याला विमानाची भीती वाटायची, घर सोडवायचं नाही. यावर त्याने उपाय शोधला तो दारू. प्यायला की हा प्रेमळ माणूस दुसराच कोणीतरी व्हायचा. जुलै १९७७ मध्ये ओकलंडला कार्यक्रमाच्या वेळी त्याने आणि मॅनेजरच्या माणसांनी तिथल्या आयोजकांच्या कामगारांना मारहाण केली. कोर्टात केस उभी राहिली, शिक्षा झाली. त्या मारहाणीनंतर तीनच दिवसांनी प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात गेला. तेव्हा मित्राच्या शेजारी जाऊन उभा राहिला तोही हाच बॉनम. दोन्ही खरं आहे. एक खोडून दुसरं लिहिता येत नाही.

२७ जून १९८० ला जर्मनीत न्यूरेम्बर्गच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याच्या वेळी तो स्टेजवर कोसळला. कार्यक्रम तिथेच थांबला. पुढे बाकीचा दौरा पूर्ण झाला. सप्टेंबरमध्ये पुन्हा अमेरिकेच्या दौऱ्याची तयारी सुरू झाली. २४ सप्टेंबरला तालमीला जाताना त्याने वाटेत पबमध्ये गाडी थांबवायला लावली आणि सकाळीच व्होडका सुरू केली. दिवसभर चालूच होती. तालीम झाली. रात्री सगळे पेजच्या घरी गेले. तिथेही प्यायला, आणि मध्यरात्रीनंतर झोपला, तेव्हा त्याला उचलून बेडवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी हा उठला नाही म्हणून जोन्स आणि बँडचा एक माणूस बघायला गेले. तो गेलेला होता. झोपेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली. चोवीस तासांत सुमारे ४० पेग व्होडका झाली होती. अपघाती मृत्यू, असा निकाल लागला. वय ३२.

४ डिसेंबर १९८० ला बाकीच्या तिघांनी पत्रक काढून बँड बंद केला. दुसरा ड्रमर घेऊन पुढे जाणं सहज शक्य होतं, पैसाही होता. त्यांनी घेतला नाही. १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये तिघं एका कार्यक्रमासाठी पुन्हा पूर्ण वेळ वाजवायला उभे राहिले, तेव्हा मागे ड्रम्सवर बसला होता जेसन. बाप गेला तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी परत ते गाणं लावलं. या वेळी करकर ऐकताना मजा वाटली नाही. मनात आलं, चार माणसं त्या स्टुडिओत होती, शिवाय इंजिनिअर. सगळ्यांचे कान जगातले उत्तम कान. तरी कोणाला ऐकू आलं नाही, कारण ते पेडल रोजच करकरत होतं. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी लेथच्या आवाजाने डोकं उठतं, महिन्याभराने आपण त्याच आवाजात गप्पा मारतो. रोजचा आवाज ऐकू येईनासा होतो. बॉनमचं पिणंही तसंच झालं असेल का? आज जरा जास्त झाली, झोपू दे, उतरेल सकाळी. हे वाक्य त्याच्याबद्दल किती वेळा बोललं गेलं असेल, आणि प्रत्येक वेळी सकाळी खरंच उतरलीही असेल. एक सकाळ सोडून.

(इथून पुढचं रेक्टर सरांनी काल्पनिक समजावं.) गेल्या वर्षी रिझल्टच्या रात्री आमच्या मजल्यावरच्या एका मित्राचे तीन विषय राहिले. एकटाच बसला होता, मग चौघांनी साथ दिली, मग तो आडवा झाला. आम्ही काय केलं? लाइट घालवला, दार ओढून घेतलं आणि मेसला जेवायला गेलो. झोपू दे, उतरेल सकाळी. सकाळी तो उठला, डोकं दुखत होतं, बाकी ठीक. आम्ही त्याला आठवडाभर चिडवलं. तेव्हा मला बॉनम माहीत नव्हता. आता त्या ओढलेल्या दाराची आठवण झाली की पोटात गोळा येतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली. वर्कशॉपमधून थोडं ऑइल मागून आणलं आणि पंख्याला घातलं. पार्टनरला तीन दिवस झोप लागली नाही, इतकं शांत वाटायला लागलं! आणि त्या मित्राच्या रूमवर गेलो. या सेमला कसं चाललंय, एवढंच विचारलं. दीड तास बोलला. त्यातलं निम्मं आम्हाला आधीच ऐकू यायला हवं होतं, भिंत एकच आहे आमची.

पेडलची करकर राहू द्यावी. तिच्यामुळे ते गाणं चार जिवंत माणसांचं वाटतं. पण शेजारच्या रूममधून आवाज आला तर त्याला रोजचाच म्हणू नका. कोणी जास्त प्यायला असेल तर दार ओढून जेवायला जाऊ नका. कुशीवर वळवा, एकाने जवळ बसा. हाक मारून उठत नसेल किंवा श्वास नीट वाटत नसेल तर सरळ रेक्टर सरांना उठवा आणि हॉस्पिटल गाठा. सर ओरडतील. ओरडू देत.